मोतीचा इलाज

(पाळीव कुत्रा एकाएकी चिडका झाला, अंगावर येऊ लागला, तर काय करावे? कोणाकडे जावे? प्रस्तुत पाठात एका उदाहरणाच्या आधारे ही माहिती दिली आहे.)

बैलाने एक वेळ कडब्याला तोंड लावले नाही, तर घरातले सगळे काळजीत पडतात. शेळी लंगडू लागली, म्हशीने दूध चोरले, तरी आपण जनावरांच्या डॉक्टरांना बोलावतो. जनावराला काहीतरी होत आहे, हे आपल्याला चटकन कळते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. कुत्रा गुरगुरला, चावायला धावला, दिवसभर भुंकत राहिला, तर आपण म्हणतो, "हा बिघडला." मग हात काठीकडे जातो. 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच' अशी मराठीत म्हण आहे. उर्दूतही तिची बहीण आहे, ती तुम्हाला ठाऊक असेलच. म्हण शेपटापुरती खरी आहे. कुत्र्याचा स्वभाव मात्र बदलतो, आणि तो का बदलला हे शोधणारे शिकलेले लोक आपल्याच जिल्ह्यात आहेत.

जनावरांच्या वैद्यासाठी उर्दूत 'सलोतरी' हा एक जुना शब्द आहे. तो मूळचा संस्कृत. शालिहोत्र नावाच्या प्राचीन ऋषींनी घोड्यांच्या विद्येवर ग्रंथ रचला, असे परंपरा मानते. त्यांच्या नावावरून घोड्यांच्या वैद्याला 'सलोतरी' म्हणू लागले. पुढे इंग्रजांच्या काळात, १८८६ साली, मुंबईत परळ येथे जनावरांच्या डॉक्टरांचे महाविद्यालय सुरू झाले. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते १९७२ साली. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. तेथे मुले आणि मुली साडेपाच वर्षे शिकून पशुवैद्य होतात, आणि तेथील चिकित्सालयात आजारी जनावरे तपासली जातात. गाई-म्हशींसाठी लोक तेथे जातात. कुत्रा गुरगुरतो म्हणून फार थोडे जात असतील. का बरे जाऊ नये?

आता एक उदाहरण घेऊ. यातले घर, माणसे आणि कुत्रा कल्पनेतले आहेत. पण असा प्रसंग सेलूच्या आसपास कोणत्याही आखाड्यावर घडू शकतो. शेतातला गोठा आणि राहण्याची जागा यांना आपल्या भागात आखाडा म्हणतात, हे वेगळे सांगायला नको.

सेलू हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मनमाडहून परभणीकडे जाणारी रेल्वे येथून जाते. भोवतालची जमीन काळी, कापसाची. गावात राहणाऱ्या एका शेतकऱ्याचा आखाडा गावापासून थोडा दूर आहे. तेथे एक सालगडी, त्याची बायको आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा राहतात. राखणीला मोती नावाचा गावठी कुत्रा आहे. शेताच्या आणि कळपाच्या राखणीसाठी कुत्रा पाळण्याची मुभा आहे, म्हणून मोती घरात नाही, आखाड्यावर आहे. शेतकऱ्याची मुलगी नववीत शिकते. सुटीच्या दिवशी ती अब्बांबरोबर आखाड्यावर जाते आणि मोतीसाठी फडक्यात भाकरी बांधून नेते.

मोती तीन वर्षांचा झाला, तोवर त्याची कोणतीही तक्रार नव्हती. कापसाची वेचणी सुरू झाली आणि तो बदलला. डोक्यावरून हात फिरवला की गुरगुरायचा. वेचणीला येणाऱ्या बायका दिसल्या की साखळी तुटेल एवढ्या जोराने उड्या घ्यायचा. एके दिवशी सालगड्याच्या मुलाने खेळता खेळता त्याच्या गळ्यात हात टाकला. मोतीने मान फिरवली आणि मुलाच्या दंडाला दात लावले. सदरा फाटला. कातडीवर दोन ओरखडे उठले. रक्त आले नाही.

त्या संध्याकाळी आखाड्यावर सगळेच बोलत होते. कोणी म्हणाले, "साखळी आखूड करा." कोणी म्हणाले, "दोन दिवस उपाशी ठेवा, सरळ येईल." एकाने सांगितले, "पोत्यात घाला आणि दुधनेच्या पलीकडे सोडून या." सालगड्याने मात्र हात जोडले. "मालक, एकतर कुत्रं ठेवा, न्हाईतर मला. माझं लेकरू लहान हाय."

सालगड्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. चार वर्षांच्या मुलाची उंची कमी असते. म्हणून कुत्रा लहान मुलांना चावला, तर जखम पुष्कळदा तोंडावर किंवा मानेवर होते.

मुलगी म्हणाली, "अब्बा, तुम्ही बैलाला दवाखान्यात नेता. मोतीला एकदा नेऊ या ना."

तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. दुसऱ्या रविवारी बोलणे पुढे ढकलण्याऐवजी अब्बा लगेच तेथे गेले. चार दिवस तर आधीच गेले होते. डॉक्टरांनी मोतीला हात लावण्याआधी पहिला प्रश्न विचारला तो मोतीविषयी नव्हता.

"मुलाला दात लागला होता का?"

"नाही डॉक्टरसाहेब, नुसते खरचटले. रक्तसुद्धा आले नाही."

"मग त्याला रुग्णालयात नेले का?"

अब्बा गप्प राहिले. डॉक्टर म्हणाले, "आधी त्याला सरकारी रुग्णालयात पाठवा. आजच. मोती थांबेल."

हे नीट समजून घ्या. कुत्र्याच्या दाताने नुसते खरचटले, रक्त आले नाही, तरी रेबीजची लस घ्यावी लागते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस बहुधा वाचत नाही. लस मात्र वेळेवर घेतली तर रोग टळतो. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम टोचली आणि तो मुलगा वाचला. कुत्रा चावला किंवा त्याचा दात लागला, की ती जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नये. मग रुग्णालयात जावे आणि डॉक्टर ज्या तारखा देतील, त्या सर्व तारखांना लस घ्यावी. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने देत, त्या भीतीने अजूनही काही लोक जात नाहीत. ती पद्धत केव्हाच बंद झाली. आता इंजेक्शन दंडात देतात. उशीर झाला असला तरी जावे. झाडफुंकीत वेळ घालवू नये. दुआ करायला कोणी अडवत नाही, पण ती रुग्णालयाच्या वाटेवरही करता येते.

चावणारा कुत्रा पाळीव असेल, तर त्याला मारून टाकू नये. त्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवतात. दहा दिवसांनंतर तो धडधाकट असेल, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते, असे डॉक्टर ठरवतात. कुत्र्याचा आवाज घोगरा झाला, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, पाणी गिळता येईना, तर मात्र त्याच्या जवळ जाऊ नये. त्याच्या घशात काही अडकले असेल असे समजून तोंडात हात घालणे फारच धोक्याचे. अशा वेळी दार लावून त्याला कोंडावे आणि डॉक्टरांना तेथेच बोलवावे.

मोतीला यातले काही नव्हते. तो भाकरी खात होता, पाणी पीत होता. डॉक्टरांनी कापडी पट्टीने त्याच्या तोंडाला मुसके बांधले. बैलाला पिकातून नेताना आपण बांधतो, तसेच. मग पाय, पोट, पाठ दाबून पाहिली. मोती शांत होता. उजव्या कानाजवळ बोट गेले आणि तो विव्हळला. डॉक्टरांनी कान उलटून पाहिला. आतून दुर्गंधी येत होती.

"हा मान वाकडी धरतो का? कान खाजवतो का?"

मुलगी म्हणाली, "हो. सारखी मान झटकतो. आम्हाला वाटले गोचीड असेल."

माणसाच्या कानाची नळी जवळजवळ सरळ असते. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. पावसाळा संपला की रानातले गवत वाळते आणि त्याची कुसळे सुटतात. कुसळ कुत्र्याच्या कानात शिरले तर पुढेच सरकत जाते. त्याची रचनाच तशी असते. वरून काही दिसत नाही. आत मात्र कान पिकतो. कुसळ खोल असावे आणि ते काढताना कुत्र्याला भूल द्यावी लागेल, असा डॉक्टरांचा अंदाज होता. म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली आणि परभणीच्या महाविद्यालयाच्या चिकित्सालयात जायला सांगितले. निघताना ते मुलीला म्हणाले, "बेटा, एक वही कर. मोती कधी गुरगुरतो, कोणावर गुरगुरतो, त्याच्या आधी काय घडले, सगळे लिहून ठेव."

मुलीने वही केली. ती उर्दूत लिहायची. भाड्याच्या टेम्पोतून मोतीला परभणीला नेले, तेव्हा वही तिच्या मांडीवर होती. भूल देऊन डॉक्टरांनी कानातून दोन कुसळे काढली. मोती शुद्धीवर येईपर्यंत एक डॉक्टरबाई अब्बांशी आणि मुलीशी बोलत बसल्या. त्यांनी वही मागितली, उघडली आणि हसल्या.

"मला उर्दू वाचता येत नाही. तू वाचून दाखव, मराठीत सांग."

मुलीने उजवीकडून डावीकडे वाचत आणि मराठीत सांगत सुरुवात केली. सोमवारी सकाळी बायका आल्या तेव्हा मोती भुंकला. त्याच दिवशी दुपारी सालगडीकाकांनी काठी उचलली, तेव्हा गुरगुरला. मंगळवारी काही नाही, कारण मंगळवारी वेचणी नव्हती. बुधवारी रात्री दोन वाजल्यापासून भुंकला. सकाळी शेतात रानडुकरांचे माग दिसले.

"रात्री डुकरांवर भुंकला ही काही तक्रार नव्हे," बाई म्हणाल्या. "ती त्याची नोकरी आहे. बाकीचे पाहू. मोतीला तुम्ही कधी आणला?"

"तीन वर्षांपूर्वी, बाई," अब्बा म्हणाले. "वीस-बावीस दिवसांचा असेल. डोळे नुकतेच उघडले होते."

"फार लवकर आणला. दिवसभर कुठे बांधता?"

"वाटेजवळच्या लिंबाला. येणारे-जाणारे दिसावेत म्हणून."

"सोडता कधी?"

"पूर्वी रात्री सोडत होतो. वेचणी लागल्यापासून सोडलाच नाही."

या प्रश्नांमागे काय होते, ते पाहू. कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ महत्त्वाचा असतो. या दिवसांत ते आईजवळ आणि भावंडांत राहून शिकते. खेळताना भावंडाला जोराने चावले की ते ओरडते, खेळ थांबतो, आई दटावते. दात किती लावायचा, हे पिल्लू असेच शिकते. याच दिवसांत त्याला वेगवेगळी माणसे, मुले, गाड्या, आवाज यांची ओळख झाली, तर पुढे त्यांची भीती वाटत नाही. आपण वीस दिवसांचे गोंडस पिल्लू उचलून आणतो आणि त्याची ही शाळा सुरू होण्याआधीच बंद करतो. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ राहू द्यावे.

दुसरी गोष्ट साखळीची. बांधलेल्या कुत्र्याला भीती वाटली तर पळून जाता येत नाही. मग त्याच्याजवळ एकच उपाय उरतो, अंगावर जाण्याचा. मोती ज्या लिंबाला बांधलेला होता, तेथून दररोज अनोळखी माणसे जात. कान ठणकत होता. पळायला जागा नव्हती. त्यात काठी. साखळी आणखी आखूड करा, हा आखाड्यावरचा सल्ला म्हणजे आगीत तेल होते.

कायदाही येथे स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणारा कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा ठरवला आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला हिंडवून न आणणे हाही गुन्हा आहे. त्या ठिकाणी कुत्र्याचा वेगळा उल्लेख आहे. उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणे, हेही त्याच कलमात आहे. पोते आणि दुधनेचा पलीकडचा काठ सुचवणाऱ्याला हे बहुधा माहीत नसावे.

अब्बांनी मग मनातला प्रश्न विचारला. "बाई, आता कान बरा होईल. मग हा पूर्वीसारखा होईल ना?"

"लगेच नाही होणार," बाई म्हणाल्या. "महिनाभर डोक्याजवळ हात आला की दुखत होते. आता दुखणार नाही, पण ते मोतीला कसे कळणार? त्याच्या मनात हात म्हणजे दुखणे, असे बसले आहे."

इव्हान पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे नाव तुम्ही पुढे विज्ञानात वाचाल. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याला अन्न देण्यापूर्वी दर वेळी एकच ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच त्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवले. एका गोष्टीपाठोपाठ दुसरी गोष्ट वारंवार आली, की कुत्रा त्या दोहोंची गाठ बांधतो. मोतीने हात आणि वेदना यांची गाठ बांधली होती. ती सोडवायची, तर हात आणि आवडता घास यांची नवी गाठ बांधायला हवी.

बाईंनी रीत सांगितली. कान पूर्ण बरा होईपर्यंत डोक्याला हात लावायचाच नाही. नंतर मोतीपासून दोन हात दूर उभे राहायचे, हात थोडा पुढे करायचा आणि लगेच उकडलेल्या मांसाचा एक लहान तुकडा त्याच्यापुढे टाकायचा. मोती शांत राहिला तर दुसऱ्या दिवशी हात थोडा आणखी जवळ. गुरगुरला तर रागवायचे नाही. आपण घाई केली असे समजून पुन्हा दूर जायचे. दिवसातून दोन वेळा, पाच-पाच मिनिटे पुरेत. हे काम मोठ्या माणसाने करायचे, लहान मुलाने नाही. तुकडा बोराएवढा असावा. शिजवलेले हाड देऊ नये. त्याच्या चिरफळ्या घशात आणि आतड्यात टोचतात.

"गुरगुरला तर एक फटका देऊ नये का?" अब्बांनी विचारले. हा प्रश्न बहुतेक लोक विचारतात.

गुरगुरणे हा कुत्र्याचा इशारा आहे. 'मला भीती वाटते, जवळ येऊ नका,' असे तो त्याच्या भाषेत सांगतो. त्याच्याही आधी तो पुष्कळ काही सांगतो: तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, कान मागे पाडतो, शेपूट पायांत घालतो, एकदम ताठ होऊन थांबतो. आपल्याला ते वाचता येत नाही, म्हणून त्याला गुरगुरावे लागते. गुरगुरण्याबद्दल मार दिला, तर कुत्रा गुरगुरणे सोडतो. त्याची भीती मात्र तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तो इशारा न देता चावतो. 'हा कुत्रा काही न करता एकदम चावला,' असे लोक सांगतात, तेव्हा त्याच्या गुरगुरण्यावर पूर्वी कोणी काठी मारली होती का, हे विचारून पाहावे.

आखाड्यावर आल्यावर अब्बांनी मोतीची जागा बदलली. लिंबाखालून काढून त्याला गोठ्यामागे नेले. तेथे दोन खांबांच्या मध्ये जाड तार ताणली आणि साखळीची कडी तारेवर सरकती ठेवली. आता मोतीला पंधरा पावले इकडून तिकडे जाता येत होते, सावलीत बसता येत होते. पाण्याचे भांडे आवाक्यात ठेवले. सकाळी वेचणी सुरू होण्याआधी आणि संध्याकाळी बायका गेल्यावर सालगडी त्याला दोरीला धरून बांधाने फिरवून आणू लागला. सालगड्याला हे पहिल्यांदा पटले नव्हते. "मालक, माणसाला फिरायला येळ न्हाई आन् कुत्र्याला फिरवायचं," असे तो म्हणाला. पण तो आठवडाभर गेला, आणि मग स्वतःहून जाऊ लागला. मोतीला राहिलेली रेबीजची लसही दिली. दोन वर्षांपूर्वी ती एकदाच टोचली होती. खरे म्हणजे ती दर वर्षी टोचावी लागते.

प्रत्येक तक्रारीचे मूळ कानात सापडेल असे नाही. ढग गडगडले की थरथरणारा कुत्रा, फटाक्यांनी घर सोडून पळणारा कुत्रा, एकटा राहिला की दार ओरबाडणारा कुत्रा, अशी कितीतरी प्रकरणे असतात. कुत्र्याला माणसापेक्षा कितीतरी बारीक आवाज ऐकू येतात, हेही लक्षात ठेवावे. म्हातारा कुत्रा चिडका झाला तर दात किंवा सांधे दुखत असतील. काही वेळा डॉक्टर भीती कमी होण्यासाठी औषध देतात. ते त्यांनीच द्यावे. घरातली अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये; माणसाची काही औषधे कुत्र्याला घातक असतात. वागणे एकाएकी बदलले असेल, तर आधी शरीर तपासून घ्यावे आणि मग सवयीकडे वळावे. हा क्रम उलटा झाला, तर कुसळ कानातच राहते आणि आपण कुत्र्याला शिस्त लावत बसतो.

मोठ्या शहरांत कुत्र्यांना शिकवणारे शिक्षक मिळतात. त्यांतले काही फार चांगले आहेत. परंतु पाटी कोणालाही लावता येते. डॉक्टरांचे तसे नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा आहे, आणि पदवी व नोंदणी असल्याशिवाय पशुवैद्य म्हणून काम करता येत नाही. शिक्षकाकडे कुत्रा सोपवण्यापूर्वी तो कसे शिकवतो, ते समोर उभे राहून पाहावे. "आठ दिवस माझ्याकडे ठेवा, मारून सरळ करतो," असे कोणी म्हणाले, तर कुत्रा घेऊन परत यावे.

तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून चामडी मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची हकीकत तुम्ही घरी ऐकली असेल. त्याने मोजा दातांत धरला आणि दोन्ही हातांनी विहीर चढली. कुत्रा ओली माती चाटतो आहे, एवढ्यावरून त्याची तहान त्याने ओळखली होती.

मोतीला पहिला महिना फारसा फरक पडला नाही. चौथ्या आठवड्यात अब्बांचा हात त्याच्या मानेपर्यंत गेला. सहाव्या आठवड्यात कानामागे. एकदा मध्येच सालगड्याच्या हातून घमेले पडले, मोती दचकला आणि चार दिवसांची मेहनत वाया गेली. पुन्हा मागून सुरुवात करावी लागली. वहीत हे सगळे आहे. सालगड्याच्या मुलाने लसीच्या सर्व तारखा पूर्ण केल्या. अनोळखी माणसे गोठ्याकडे आली की मोती अजूनही भुंकतो. त्यामुळे वेचणीच्या दिवसांत कोणी तिकडे जायचे नाही, असे ठरले आहे, आणि फिरवायला नेताना त्याच्या तोंडाला मुसके असते. मुलाची आई गोठ्यामागून जाताना अजून मुलाचा हात घट्ट धरते. डॉक्टरबाईंनीही तिला तेच सांगितले आहे.

शब्दार्थ

कडबा – ज्वारीची वाळलेली ताटे, चारा. कुसळ – गवताचे टोकदार बारीक तूस. मुसके – जनावराच्या तोंडाला बांधायची जाळी किंवा पट्टी. लक्षण – अलामत. इशारा देणे – सावध करणे, खबरदार करणे. विव्हळणे – दुखण्याने कण्हणे, कराहना. सालगडी – वर्षाच्या कराराने शेतावर राहणारा गडी. वेचणी – शेतातील कापूस गोळा करण्याचे काम.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय कोणत्या वर्षी सुरू झाले?
(आ) 'सलोतरी' हा शब्द कोणाच्या नावावरून आला?
(इ) कुत्र्याचा दात लागल्यास ती जागा किती वेळ धुवावी?

२. कारणे लिहा.
(अ) डॉक्टरांनी मोतीला तपासण्याआधी मुलाला रुग्णालयात पाठवायला सांगितले.
(आ) कान बरा झाल्यावरही मोती लगेच पूर्वीसारखा झाला नाही.
(इ) कुत्र्याच्या गुरगुरण्याबद्दल त्याला मारू नये.

३. तुमच्या घरातील किंवा गल्लीतील एखाद्या प्राण्याचे वागणे आठवडाभर पाहा. ते वहीत उर्दूत लिहा आणि वर्गात मराठीत सांगा.